खारूताई आणि अर्जुनाचे नवे कोठार

ओढ्याच्या वळणावर, जिथे सकाळचे धुके उशिरापर्यंत झोपून राहते, तिथल्या जंगलात एक म्हातारी खार राहत असे. जंगलातल्या सगळ्यांचे उन्हाळ्यासाठी साठवलेले दाणे तिथे एका जुन्या मोहाच्या झाडात ठेवलेले असत, आणि त्या झाडाची राखण खारीकडे होती. खोडाला शंभरेक ढोल्या होत्या. सशाचे दाणे कुठल्या ढोलीत, मोराचे कुठल्या, साळिंदराचे कुठल्या, हे तिला डोळे मिटूनही सांगता येई. आणि बाळांनो, खरे सांगायचे तर ते फक्त तिलाच सांगता येई. कुणी विचारलेच तर ती शेपटी फुलवून म्हणे, "तुम्हाला कशाला हव्यात चौकशा? मी आहे ना!" या राखणीबद्दल जंगलाने तिला मोहाची सर्वांत उबदार फांदी राहायला दिली होती. सकाळचे पहिले ऊन त्या फांदीवर उतरे.

ढोल्या कोरायचा तो सुतारपक्षी. त्याला स्वस्थ बसवत नसे. दर वर्षी पाऊस सरला की तो काहीतरी नवे करून ठेवी. एका वर्षी ढोल्या खोल केल्या, एका वर्षी त्यांना आतून वाटा काढल्या. खार त्याच्या मागे मागे हिंडून सगळे शिकून घेई. पण वय झाले, आणि गेल्या दोन वर्षांपासून ती म्हणू लागली, "राहू दे रे बाबा, मला आपलं जुनंच बरं."

यंदा सुतारपक्ष्याने मोहाला चोचसुद्धा लावली नाही. पलीकडच्या अर्जुनाच्या झाडात त्याने अगदी निराळेच कोठार कोरले. आत उतरत्या नळ्या, आणि सगळ्या नळ्यांचे तोंड खाली एकाच ठिकाणी. सशाने खोडावर दोनदा थाप मारली की सशाचे दाणे घरंगळत खाली येत. मोराने तीनदा चोच मारली की मोराचे. शोधायचे असे काही उरलेच नाही.

"काय खारूताई," कावळा फांदीवर झुलत म्हणाला, "आता एवढ्या आठवणींचं काय, लोणचं घालणार?"

सगळे हसले. जंगलाचे पुढारी म्हातारे वानर मात्र हसले नाहीत. "खारूताई, राखण आता अर्जुनाची," ते म्हणाले. "जो ते झाड सांभाळील, त्याला राखणीचा मान आणि राहायला फांदी. पौर्णिमेला ठरवू. तुम्ही शिकता का?"

"नळ्यांना काय कळतंय कुणाचं पोट केवढं ते!" खार म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

मग कावळ्याने आणि तितराने मोहातले दाणे उचलून अर्जुनात नेऊन भरले. खार फांदीवरून बघत राहिली. त्यानंतर आठ दिवस धुके हललेच नाही. झाडे पांढऱ्या पाण्यात उभी असल्यासारखी दिसत, आणि ओढ्याचा आवाज कुठून तरी दुरून येई. खारीचा दिवसाही डोळा लागे. स्वप्नात ती मोहाच्या ढोल्यांतून चालत असे आणि तिच्यामागे एकेक ढोली हळूच मिटत जाई, झोपाळू बाळाच्या डोळ्यासारखी.

नवव्या दिवशी दुपारी तिला एक वास आला. ओलसर, गोडसर. तिने ओळखला. ती अर्जुनाच्या बुंध्याशी गेली आणि खोडाला कान लावला. आत फार बारीक आवाज होत होता. टिक... टिक... दाण्यांच्या साली उकलत होत्या. आणखी चार दिवसांत सगळ्यांना मोड आले असते आणि उन्हाळा उपाशी गेला असता.

मोहात असे कधी झाले नव्हते. कसे होईल? दर आठवड्याला सगळे चरायला गेले की खार एकेक ढोली रिकामी करी, दाणे कातळावर उन्हात पसरी, पालथे करी आणि पुन्हा भरून ठेवी. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे आहे असे तिला स्वतःलाही कधी वाटले नव्हते. आपले काम म्हणजे ढोल्या पाठ असणे, एवढेच ती समजत आली होती.

तिच्या मनात आले, गप्प बसावे. नाही तरी मला कोण विचारतो? सगळे दाणे जाऊ देत, मग येतील माझ्याच फांदीखाली हात जोडून. ती बुंध्याशीच बसली. तेवढ्यात सशीण आपल्या चार पिल्लांना घेऊन धुक्यातून गेली. चौथे पिल्लू लंगडत होते, पुनःपुन्हा मागे पडत होते. खार उठली आणि सुतारपक्ष्याकडे गेली.

"सुतारदादा, मला तुझं झाड शिकव."

"तुम्हाला?" सुतारपक्षी दचकला. "अहो, मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावले आहेच. पण आत दाणे मोडावताहेत. तुला ऐकू येत नाही?"

त्याने येऊन खोडाला कान लावला. त्याची मान खाली गेली. "ताई, मी आपला भोकं पाडतो. आत काय झोपलंय आणि काय जागं होतंय, मला काय ठाऊक!"

शिकणे सोपे नव्हते. पहिल्या दिवशी थाप चुकली आणि मोराचे सगळे दाणे तिच्या डोक्यावर कोसळले. कावळा हसून हसून फांदीवरून पडता पडता वाचला. "हस बाबा," ती म्हणाली, "पण हसून झालं की दाणे वेचायला ये." आणि तो आला. धुके विरताच सगळ्यांनी मिळून सारे दाणे उन्हात वाळवले. तिने सुतारपक्ष्याला उन्हाच्या बाजूने वाऱ्यासाठी फटी ठेवायला लावल्या. पुढे रोज एका नळीतले दाणे ओतायचे, कातळावर पसरायचे, पालथे करायचे, हे तिने या वेळी सगळ्यांना दाखवले. मूठभर दाणे गेले, बाकीचे वाचले.

पौर्णिमेला वानर म्हणाले, "राखण तुमचीच, खारूताई. पण फांदी आता अर्जुनाची." अर्जुनावर ऊन उशिरा येई. मोहाची फांदी सोडताना खारीने तिला एकदा पाठ घासली, आणि ती निघाली.

उन्हाळा आला. एका सकाळी ससा आला, त्याने खोडावर दोनदा थाप मारली आणि दाणे घेऊन बसला. त्याने वर पाहिले नाही, खारीला हाकही मारली नाही. आता त्याला कुणाला काही विचारावे लागत नव्हते. मग खालून आवाज आला, कर्र, कर्र. दाणा अगदी कोरडा होता, खुटखुटीत. लंगडे पिल्लूही खात होते. खार फांदीवर मान टेकून तो आवाज ऐकत पडून राहिली.

तात्पर्य : नवे साधन आले की आपल्या हातातले थोडे काम ते घेऊन जाते, ते जाऊ द्यावे. ते काम आपण कुणासाठी करत होतो हे जो विसरत नाही आणि त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून शिकायला लाजत नाही, त्याची गरज संपत नाही.