घागर आणि कवळी

सगळे दात पडून इनामदार पेजेवर आले, तेव्हा लष्करी दवाखान्यात दात बनवायचं काम शिकलेल्या मुकिंदाने त्यांना झकास कवळी करून दिली. महिन्याभराने तहानेने जीव कासावीस झाला म्हणून मुकिंदाने चावडीवरच्या घागरीतून ओंजळभर पाणी घेतलं, तर त्याच दातांनी इनामदार कडाडले, “घागर बाटवलीस! तुझ्या जातीचा हात लागलेलं आता कुणाच्या तोंडात जाणार? फोड ती!”

मुकिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने घागर उचलली.

“फोडतो, सरकार. पण तुमची कवळी आठ दिवस याच हातांनी घासलीय. आधी ती तोंडातून काढा, दोन्ही एकदमच फोडू.”

अख्ख्या चावडीची नजर इनामदारांच्या तोंडाकडे लागली. त्यांनी ते गच्च मिटलं.

मुकिंदाने घागर जागेवर ठेवली आणि आणखी ओंजळभर पाणी घेतलं.