उलटा खांब

इंग्लंडातल्या गावांत लाकडी सांगाड्याची घरं उभी राहत होती, त्या काळची ही गोष्ट.

हम्फ्री नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं एका ओक झाडाच्या खोडाचा घराच्या कोपऱ्यासाठी खांब केला आणि उभा करताना शेंडा खाली, बुंधा वर ठेवला. खांब भडकला. "अहो, मला डोक्यावर उभं केलंत! सगळं गाव हसेल." हम्फ्रीनं त्याला नुसतं थोपटलं आणि तो जेवायला निघून गेला. खांबानं मनाशी ठरवलं, अंगावर वजन पडलं की मुद्दाम तडकायचं. मग काढतीलच बाहेर.

दुसऱ्या दिवशी वरचा मजला चढू लागला. तो खालच्यापेक्षा मोठा, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर पुढे आलेला. कोपऱ्याची तिरकी तुळई दोरानं वर आली आणि खाली बघून थरथरली.

"दादा, मी टेकू कुठे? खाली तर नुसता रस्ता आहे."

खांबानं वर पाहिलं. त्याचा निमुळता शेंडा तिला कधीच पुरला नसता. रुंद बुंधा मात्र ओंजळीसारखा तिच्याखाली पसरला होता.

"ये बाई, टेक," तो म्हणाला. वजन पडलं. तो तडकला नाही.

आता वरच्या खोलीत पाळणा हलतो. तुळई अधूनमधून विचारते, "दादा, जड तर होत नाही ना?"

"छे गं! आधी या बुंध्यानं फांद्यांवरची घरटी पेलली, आता पाळणा पेलतोय. भलं होवो त्या म्हाताऱ्याचं, त्यानं माझं ऐकलं नाही."