कुलूप लावलेली बाग

एका शहरात वेशीला लागून एक बाग होती आणि तिला मालक नव्हता. घरात मूल जन्मलं, बारसं झालं, की त्याच्या नावाचं एक रोप बागेत लावायचं अशी तिथली रीत. पाण्याचीही रीत ठरलेली. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी बायका फेकून देत नसत. ते कळशीत साठवायचं आणि संध्याकाळी बागेत नेऊन घालायचं. आपल्या झाडाला घालताना शेजारच्या झाडालाही ओंजळभर मिळे. झाडं वेडीवाकडी वाढली होती, पण सावली गार होती.

भिवराबाईची मंजुळा लहानपणीच तापानं गेली. तिच्या नावाची बकुळ मात्र बागेत उभी होती. भिवराबाई रोज तिला पाणी घाली आणि बुंध्याशी बसून दिवसभराचं सगळं सांगे. तिला कुणी वेडी म्हणत नसे, एवढी माणुसकी त्या शहरात होती.

पुढे हरबाशेट नगरशेट झाले. माणूस वाईट नव्हता, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. एकदा परगावचे पाहुणे बाग बघायला आले. कळशीतलं धुवण पाहून त्यातल्या एकानं नाकाला उपरणं लावलं. झालं! शेटना ते मनाला फार लागलं. त्यांनी बागेभोवती भिंत घातली, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं. पगारी माळी ठेवले, तळ्यातून पाट आणला. लोकांनी सणासुदीला यावं, लांबून बघावं आणि कशालाही हात न लावता घरी जावं, असा नियम झाला.

भिवराबाई कळशी घेऊन फाटकाशी आली.

“शेट, मला रोज एवढं पाणी घालू द्या. लेकीचं झाड आहे.”

“माळी घालतात की, बाई. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“त्रास कसला हो? तेवढंच उरलंय मला.”

शेटनी कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाले, “एकीला सोडलं तर उद्या सगळ्या येतील.”

ती भरली कळशी घेऊन परत गेली.

लोकांनी चार दिवस कुरकुर केली आणि मग त्यांना ते सोयीचंच वाटलं. धुवण परसातल्या अळवाला जाऊ लागलं. नवी बाळं जन्मली, बारशी झाली, पेढे वाटले गेले. रोप कुणीच लावलं नाही. बाग आता चित्रासारखी दिसे, पण तिची आठवण कुणाला येत नसे.

मग एका वर्षी पावसानं दगा दिला. तळं आटलं, पाट कोरडा पडला, माळी दुसऱ्या कामाला लागले. घरोघरच्या आडांना मात्र अजून पाणी होतं. शेटनी दवंडी पिटवली, “फाटक उघडलंय, कळश्या घेऊन या!” कुणी आलं नाही. शेट स्वतः दारोदार फिरले.

“बाग तुमची, शेट,” एक कासार म्हणाला. “आमच्या पोरांना तिची वाटसुद्धा ठाऊक नाही.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर शेटना बरं वाटलं असतं.

शेवटी ते भिवराबाईच्या दारात उभे राहिले. ती आता पार थकली होती.

“फाटक उघडलं का?” तिनंच विचारलं.

“उघडलं,” शेट म्हणाले. तिनं कळशी भरली आणि निघाली.

बकुळ वाळून कोळ झाली होती. भिवराबाईनं एक डहाळी वाकवून पाहिली, ती कट्‌कन मोडली. मग ती बुंध्याला कपाळ टेकून रडली.

“चुकलो मी, बाई,” शेट म्हणाले. “माफ करा.”

“मी करीन हो. पण जिची माफी मागायची ती आता दुसऱ्यांदा गेली.”

पलीकडे कुणाच्या तरी लिंबाला चार हिरवी पानं उरली होती. तिनं कळशी त्याच्या मुळाशी ओतली. दुसऱ्या दिवसापासून शेटही कळशी घेऊन येऊ लागले. पण दोन कळश्यांनी बाग जगत नाही. ती जगली नाही.

तात्पर्य: लोकांना बागेबाहेर काढायला एक कुलूप पुरतं, पण त्यांची तुटलेली माया परत जोडायला नुसती किल्ली पुरत नाही.