पहाटे सोडून दिलेली होडी

फार लांबच्या, बर्फाच्या मुलखातली गोष्ट आहे ही. तिथे समुद्राकाठी एक सरदार होता आणि त्याच्या पंगतीला जेवणारे पाच-सात शिलेदार होते.

त्यांची एक गंमतशीर रीत होती. पेला असायचा बैलाच्या शिंगाचा, खाली टोकदार. ठेवला की कलंडलाच! म्हणून ज्याच्या हातात शिंग येईल त्याने उभं राहून धन्याशी इमान राखायची शपथ घ्यायची, एका दमात सगळं प्यायचं आणि शिंग पुढे द्यायचं. विचार करायला सवडच नाही.

समोरच्या बेटावर एक राक्षस राहायचा. तो गावातली मेंढरं पळवायचा. एकदा त्याने एक लहान मूल उचलून नेलं, तेव्हा सरदार म्हणाला, "बास झालं. उद्या मी बेटावर जाणार."

शिंग फिरू लागलं. तांबड्या दाढीचा एक शिलेदार छाती पुढे काढून गरजला, "धनी, बाकीचे पळाले तरी हा गडी जागचा हलायचा नाही! उद्या तुम्ही माझ्याच होडीत बसायचं." काय टाळ्या पडल्या म्हणता!

शेवटी शिंग एका किडकिडीत शिलेदाराकडे आलं. तो ते धरून नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "धनी, मला भीती वाटते. माझ्या पायांचा मलाच भरवसा नाही. पण मी येतो."

एकच हशा पिकला. "अरे, मग आईच्या कुशीत जाऊन नीज की!" तांबड्या दाढीवाला म्हणाला. सरदार मात्र हसला नाही. असं बोलणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

पहाटे सगळे आपापल्या होड्यांतून बेटावर उतरले. गुहेतून तो ताडमाड राक्षस बाहेर आला आणि त्याने अशी डरकाळी फोडली की शपथा गेल्या कुठल्या कुठे! शिलेदारांनी काठाकडे धूम ठोकली, होड्यांत उड्या मारल्या आणि पसार झाले. सरदाराला आणलेली होडीही गेली.

आणि आपला किडकिडीत? तोही पळाला! खोटं कशाला सांगू? पण थोड्या वेळाने तो धापा टाकत परत आला. राक्षसाने सरदाराला खाली पाडलं होतं. किडकिडीताने डोळे घट्ट मिटले आणि भाला राक्षसाच्या बगलेत खुपसला. राक्षस कोसळला. सरदाराचा पाय मोडला, पण जीव वाचला.

"तू पळाला होतास ना रे? मी पाहिलं," सरदार म्हणाला.

"हो धनी. पार काठापर्यंत."

"मग परत कसा आलास?"

"बाकीचे निघून गेले होते आणि माझी होडीच नव्हती. पहाटे उतरल्या उतरल्या मीच ती समुद्रात लोटून दिली होती. दिसली की मी बसणार, हे मला माहीत होतं."

सरदार पाय धरून खो खो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

पण आता घरी जायचं कसं? दोघं वाट बघत बसले. दिवस कलता कलता एक होडी आली. तिच्यात तांबड्या दाढीवाला एकटाच होता. घरी लेकीने विचारलं होतं, "बाबा, धनी कुठे आहेत?" त्याला घास गिळवेना. निदान धन्याचा देह तरी आणावा म्हणून तो आला होता. सरदाराला जिवंत पाहून तो वाळूत कोसळला.

"धनी, माझं डोकं उडवा!"

"उडवलं तर वल्ही कोण मारणार? ऊठ. पण मला एक सांग, शपथ घेतलीस तेव्हा खोटं बोलत होतास का?"

"नाही हो धनी," तो रडत म्हणाला. "तेव्हा अगदी खरं वाटत होतं."

सरदार घरी पोचेपर्यंत यावरच विचार करत राहिला.

पाय बरा झाल्यावर पुन्हा पंगत बसली. पळालेले सगळे मान खाली घालून आले होते. शिंग भरलं, तसा सरदार म्हणाला, "आजपासून शपथ नको. ज्याच्या हातात शिंग येईल त्याने आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचं. मीच सुरुवात करतो. त्या बेटावर मागे वळून पाहिलं आणि कुणीच नव्हतं. त्याची मला अजून भीती वाटते."

मग तांबड्या दाढीवाल्याने हात पुढे केला आणि शिंग घेतलं.

तात्पर्य: आपले पाय कुठे डगमगतात हे ज्याला ठाऊक असतं, तोच इमान राखायची आधीपासून तजवीज करतो. आणि ज्याचे पाय डगमगले, तो परत आला तर त्याला पंगतीत जागा द्यावी.