हिंदुरावांच्या गुऱ्हाळाचा कारभारी

पंचगंगेकाठच्या एका गावात सदबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे असा, की कुणी ‘जरा दम धर’ म्हटलं तर श्वास रोखून बसायचा आणि निळा पडायचा.

त्याच गावात त्याच्या मामाचं, हिंदुरावांचं, गुऱ्हाळ होतं. ऐन हंगामात हिंदुराव उसाच्या गाडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये आणि स्वारी बाजेवर. आता गुऱ्हाळाला कारभारी पाहिजे. रस आटवायच्या काहिलीपुढं केस पिकवलेला लगमाण्णा गुळव्या होता, पण तो परका. सदबा बहिणीचा मुलगा. हिंदुरावांनी दोघांना नीट पारखलं आणि बहिणीच्या बाजूनं निकाल दिला. मोठी माणसं अशीच निर्णय घेतात, म्हणून तर ती मोठी.

“सदबा,” हिंदुराव म्हणाले, “कारभाऱ्यानं उतावीळपणा करायचा नाही. कसलाही निर्णय असो, आधी एक झोप काढायची, मग ठरवायचं.”

“व्हय मामा. चुकायचा नाही.”

सकाळी काहिलीत रस उकळून घट्ट झाला. लगमाण्णानं हाक मारली, “कारभारी, गूळ तयार झाला. काहील उतरवू का?”

“उतावीळपणा नको,” सदबा म्हणाला, आणि उसाच्या चिपाडांवर आडवा झाला. लगेच घोरायला लागला.

कारभाऱ्याच्या हुकुमाशिवाय काहील उतरवायची नाही, हा हिंदुरावांचा नियम. लगमाण्णा नियमानं वागणारा माणूस. हाताची घडी घालून उभा राहिला. सदबा जांभई देत उठला तेव्हा काहिलीतल्या गुळानं गावचा रस्ता डांबरून झाला असता.

घरी हिंदुरावांनी कपाळ बडवलं. “अरे गाढवा! कारभाऱ्याचा निर्णय कसा फटक्यात पाहिजे! समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत सांगून मोकळं व्हायचं!”

“व्हय मामा. आता चुकायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुऱ्हाळाचे मालक रावजी सहज डोकावले. इंजिनाकडं बघून म्हणाले, “कारभारी, ह्यो पट्टा...”

“न्या!” सदबा म्हणाला.

रावजी थबकले. पट्टा ढिला झालाय, एवढंच त्यांना सांगायचं होतं. “न्हाई, मी म्हणत होतो...”

“न्या म्हटलं न्हवं!”

दुसऱ्यांदा नको म्हणणाऱ्यातले रावजी नव्हते. त्यांनी इंजीन थांबवलं, पट्टा काढला, खांद्यावर टाकला आणि मागं न बघता गेले. मग सदबानं इंजीन परत चालू केलं. इंजीन धडधडतंय, चरक ढिम्म. ऊस दिवसभर उन्हात वाळत पडला. निर्णय मात्र फटक्यात झाला होता, त्यामुळं सदबा खुशीत होता.

हिंदुरावांनी उशी फेकून मारली. “अरे, ऐकून तरी घे! कारभाऱ्यानं सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!”

“व्हय मामा. आता चुकायचा नाही.”

हिंदुरावांनी हातापाया पडून पट्टा परत आणवला. गुऱ्हाळ सुरू झालं. दुपारी चुलवाणातली ठिणगी उडाली आणि चिपाडांच्या ढिगानं पेट घेतला.

“कारभारी, आग!” लगमाण्णा ओरडला. “पाणी मारू का?”

सदबानं सगळ्या गड्यांना गोल बसवलं. “एकेकानं बोला,” तो म्हणाला. “मारायचं का नाही?”

“मारायचं!” सगळे एकदम ओरडले.

“ही झाली एक बाजू. आता दुसरी.”

“दुसरी कुणाची?”

“आगीची.”

आणि सदबा ढिगापुढं मांडी घालून बसला, कानामागं हात धरून. आग तडतडली. सदबानं मान डोलावली. “तिचं बी खरं हाय,” तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मिशीनं पेट घेतला. नियमानं वागणाऱ्या लगमाण्णानं पहिल्यांदाच नियम मोडला आणि आगीवर, कारभाऱ्यावर, सगळ्यांवर पाणी ओतलं.

निम्मा ढीग जळाला. हिंदुरावांनी बाजेवर पडल्या पडल्या खोल विचार केला. एवढं नुकसान होतंय म्हणजे दोष कुणाचा? आपण नेमलेल्या माणसाचा तर असणार नाही. मग गड्यांचाच.

“सदबा,” ते म्हणाले, “गुऱ्हाळात आळशी माणसं माजलीत. जो दिवसभर आडवा पडतो, कामाला हात लावत नाही आणि नुसत्या बोंबा मारतो, त्याला नारळ द्यायचा! मग तो कितीही जवळचा असो. कारभाऱ्यानं नातं बघायचं नाही!”

“व्हय मामा. आता चुकायचा नाही.”

सदबानं लगमाण्णाला विचारलं, “नारळ द्यायचा म्हणजे?”

“म्हणजे कामावरनं काढायचं.”

सकाळपासून सदबा गुऱ्हाळभर फिरला. कुणी ऊस वाहत होतं, कुणी जाळ घालत होतं, लगमाण्णा रसावरची मळी काढत होता. आडवा कुणीच नाही. बोंब कुणाचीच नाही. सदबाला काळजी पडली. काढायला माणूसच नाही, तर कारभार करायचा कसा? घाम पुसत तो उभा होता, तेवढ्यात गुऱ्हाळामागच्या घरातून आवाज आला, “अरे मेलात का सगळे? चहा आणा!”

सदबाचा चेहरा उजळला. मग जरा उतरला. शेवटी मामा होते ते. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. त्यानं दुकानातून चांगला शेंडीवाला नारळ आणला आणि चार गडी घेऊन घरात गेला. वाकून नारळ मामांच्या हातात ठेवला.

हिंदुरावांचे डोळे भरून आले. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. “आली बाबा अक्कल एकदाची! कशाबद्दल रे?”

“तुम्हाला काढलं मामा. उचला रे!”

गड्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. बाज उचलली ती थेट वेशीकडं निघाली. हिंदुराव नारळ पोटाशी धरून ओरडत होते, “अरे, मालक आहे मी! गुऱ्हाळ माझं आहे!”

“बघा,” सदबा गड्यांना म्हणाला, “अजून बोंबच.”

तेवढ्यात आक्का, हिंदुरावांच्या बायको, पदर खोचून मागं धावल्या. “थांबा! थांबा!” गडी थांबले. लगमाण्णानं मान खाली घातली. हिंदुरावांनी देवाचे आभार मानले.

आक्कांनी धापा टाकत बाज गाठली आणि हिंदुरावांच्या हातातला नारळ काढून घेतला.

“चटणीला होईल,” त्या म्हणाल्या. “हं, न्या आता.”