तेजाबराव सासरी जातात

फार पूर्वी, बाटल्यांचीही लग्नं लागत तेव्हा, तेजाबरावांचं पाणीबाईंशी ठरलं.

“रीतीप्रमाणे नवरीनंच माझ्या बाटलीत यायचं,” तेजाबराव गुरगुरले.

पाणीबाईंनी मनात हिशेब केला: आपण आत पडताच हे उसळणार, बाटली फुटणार, वऱ्हाड भाजणार.

“अहो, तुम्हीच या माझ्याकडे,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही एक भाग, मी नऊ. थेंबथेंब या, काचेची कांडी ढवळत राहील.”

“मी आणि घरजावई?” ते फसफसले. एक शिंतोडा उडाला, पाट जळाला, आणि तापमापी भटजी पोथी आवरून दाराकडे निघाले.

तेजाबराव ओशाळले. मान खाली घालून थेंबथेंब उतरले. पाणीबाई कोमट झाल्या, एवढंच.

मग ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची वेळ आली. अंगठी पाणीबाईंनी घेतली आणि नवऱ्याचं नाव लिहिलं: शांताराम.