बारकीची गाठ

हिवतापाच्या जंतूंची भाषा मला अस्खलित येते. म्हणजे ताप चढला की येते. उतरला की स्वतःचीही कळत नाही.

तर डासांनाही मान होता, त्या काळची गोष्ट. एका मेंढपाळाच्या रक्तात या जंतूंचं राज्य होतं. रक्ताचा एकेक दाणा खायचा आणि एकाचे वीस व्हायचं, हा त्यांचा कुळाचार. प्रत्येकाच्या पोटात एक गुंडाळलेला धागा असे आणि धाग्याला गाठ. ती सहसा सुटत नसे. एके दिवशी बारकी नावाच्या एका जंतूची सुटली. बारकी वाढायची थांबली आणि वाकत वाकत चंद्रकोरीसारखी झाली. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवात एवढीशी गाठ सुटते आणि सारा जन्म पालटतो! अंगावर काटा येतो, बघा.

"कुळबुडवी!" तिचा काका ओरडला. "आम्ही एकाचे वीस होतो, तू एकाची एकच!"

इकडे मेंढपाळ तापानं फणफणून मरणाला टेकला. तेवढ्यात त्याच्या हातावर डासीण बसली. डासिणीच्या पोटात फक्त असे चंद्रकोरी झालेले जंतूच जगतात. बारकी सोंडेकडे निघाली.

"पळपुटे! घर सोडून चाललीस?"

"घर कुठं उरलंय, काका? तुम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लंत की!"